फीच्या बदल्यात आलेली ट्रंक

वकिली करणाऱ्याला फी नेहमी पैशातच मिळते असे नाही. आम्हाला ज्वारीची पोती मिळाली आहेत, एकदा शेळी मिळाली आहे आणि ‘साहेब, पुढच्या महिन्यात नक्की’ हे आश्वासन तर दर महिन्याला मिळते. पण पुस्तकांची ट्रंक फी म्हणून मिळण्याचा प्रसंग एकदाच आला.

ट्रंक आणणाऱ्या बाई मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. मूळच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. आजोबा मांगवाड्यातून येशूच्या मंडळीत गेले, त्यामुळे तिसरी पिढी ख्रिस्ती. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते, ‘बाई, कायदा आपल्या बाजूने नाही.’ त्या म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, हरलो तरी कागदावर हरू. तोंडी कशाला हरायचं?’ कागद केले, समितीपुढे उभे राहिलो आणि कागदावर हरलो. महिनाभराने बाई रिक्षातून लोखंडी ट्रंक घेऊन आल्या. ‘तुम्ही फी घेत नाही म्हणता. मग हे घ्या. घरात आता कोणी वाचत नाही, आणि तुमच्या विहारात वाचनालय आहे असं ऐकलंय.’

ट्रंकेत चाळीसेक पुस्तके निघाली. पंडिता रमाबाईंची साक्ष, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, पुठ्ठा निखळलेला बनियन, इंग्रजीतले ‘अंकल टॉम्स केबिन’, चार्ल्स शेल्डनचे ‘इन हिज स्टेप्स’, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रवचनांचे ‘स्ट्रेंग्थ टू लव्ह’. आणि त्याखाली रोग बरे झाल्याच्या, कर्ज फिटल्याच्या, भुते पळाल्याच्या साक्षींच्या पुस्तिकांचा गठ्ठा.

आम्ही ती ट्रंक विहारात नेली आणि रविवारच्या बैठकीत भांडण सुरू झाले.

एका जुन्या कार्यकर्त्याने सरळ विचारले, ‘ही मिशनऱ्यांची पुस्तकं बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवायची का? उद्या गीता प्रेसची पेटी आली तर तीही ठेवाल.’ दुसरे म्हणाले, आपल्या पोरांनी अजून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ धड वाचलेला नाही, त्यांना हे कशाला? तिसऱ्याने बावीस प्रतिज्ञांचा हवाला दिला. प्रश्न प्रामाणिक होते म्हणून आम्हीही उत्तर प्रामाणिकपणे दिले. बावीस प्रतिज्ञांमध्ये पुस्तक न वाचण्याची एकही प्रतिज्ञा नाही. ज्या महामानवाने राजगृह पुस्तकांसाठी बांधले, त्याच्या अनुयायांनी पुस्तकाची जात आणि धर्म तपासून ते दारातून परत पाठवावे, हा त्या घराचा अपमान आहे. गीता प्रेसचे म्हणाल तर बाबासाहेबांनी गीता वाचली नसती तर तिची चिरफाड कुठून केली असती? बैठकीने ठरवले की वकीलसाहेबांनी आधी सगळे वाचावे आणि काय ठेवायचे ते सांगावे. म्हणजे शिक्षा आम्हालाच झाली. या लेखात त्या शिक्षेचा हिशेब देतो.

वाचायला बसलो तेव्हा हातात एक कसोटी हवी होती. ती बाबासाहेबांनीच देऊन ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने 1989 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांचे लेखन आहे. त्यात त्यांनी मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे ऋण नाकारलेले नाही. पण एक बोचरा सवाल टाकला आहे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला की त्याला शिकवले जाते, तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली. ती समाजव्यवस्थेमुळे झाली हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो व्यवस्थेशी लढायचे सोडून स्वतःच्या अंतःकरणाशीच लढत बसतो. आम्ही हीच कसोटी प्रत्येक पुस्तकाला लावली. हे पुस्तक आमच्या दुःखाचा दोष कोणाच्या माथी मारते? आणि ते वाचून उठलेल्या माणसाने उठल्यावर काय केले?

दुसऱ्या सवालाचे उत्तर पंडिता रमाबाईंनी दिले, आणि तेही वाचक म्हणून. वाचकहो, रमाबाई आपल्याला संस्कृत पंडिता म्हणून ठाऊक आहेत, 1887 च्या ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत, 1885 मध्ये ‘सत्सार’ काढून जोतीराव फुले ज्यांच्या बाजूने उभे राहिले त्या बाई म्हणून तर असायलाच हव्यात. पण 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात ते निराळेच. इतकी धर्मशास्त्रे पाठ केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की बाकी हजार बाबतींत त्या ग्रंथांचे एकमेकांशी पटत नाही, स्त्री मुळातच वाईट आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. शूद्राची गतही त्यांना तीच दिसली. इतका स्वच्छ पुरावा तोही विरोधी पक्षाच्या घरातल्या साक्षीदाराने द्यावा, हे भाग्य कोर्टात क्वचितच वाट्याला येते.

पुढचा भाग तर आमच्या विषयाचाच आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्यांचे समाधान झाले नव्हते. आठेक वर्षांनी हॅस्लम नावाच्या एका पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा माणूस आधी पाद्री झाला आणि श्रद्धा त्याला नंतर सापडली. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारले, मला धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी धर्म घेतला ते मिळाले का? मग त्यांनी जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले. ब्रिस्टलमध्ये या माणसाने कोणापुढे हात न पसरता अनाथांची भलीमोठी घरे चालवली होती. रमाबाईंच्या मनात आले, हे आपल्या देशात का होऊ नये? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. केडगावचे मुक्ती मिशन शेकडो बायका-मुलींचे घर झाले. 1889 साली शारदासदन उघडले ते उच्चवर्णीय विधवांसाठी, तिथे सोवळ्याची सोय ठेवून. दुष्काळानंतरच्या मुक्तीत कोण कोणत्या जातीची हे विचारायला सवड कोणाला होती? या दोन संस्थांमधल्या अंतरात इतर गोष्टींबरोबर दोन-तीन पुस्तकेही आहेत. प्रेरणादायी पुस्तक म्हणतात ते याला.

रमाबाईंशी आमचे सगळे जुळत नाही. प्रार्थना केली आणि धान्याची गाडी दारात आली, असे त्या सांगतात तेव्हा आमच्यातला वकील गाडीवाल्याचे नाव विचारतो. पण साक्षीदाराचे एक विधान पटले नाही म्हणून सगळी साक्ष फेकून देता येत नाही, हा साधा नियम आहे.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी फार सांगायला नको. ‘स्मृतिचित्रे’ पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांमुळे मराठी माणसाला माहीत आहेत. पण पाठ्यपुस्तकात गमती येतात, आणि सोवळे सुटत जाण्याचा प्रवास बहुतेक वगळला जातो. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाल्यावर ही बाई कित्येक वर्षे विटाळ जपत राहिली आणि मग एका टप्प्यावर स्वतःशीच वाद घालून ठरवले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या, तेव्हा आपण कोणाच्याही हातचे पाणी पिणार. कोणा मिशनऱ्याने तिला हे पढवले नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला निघालेल्यांच्या लेकरांनी हा भाग मुद्दाम वाचावा. पाणी नाकारणाऱ्या घरात आतून काय चालले होते ते कळते.

‘यमुनापर्यटन’ 1857 चे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे कायद्यामागोमाग आलेली ही कादंबरी. मराठीतली पहिली म्हणून तिचा मान आहे. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या कहाण्या ऐकते आणि शेवटी स्वतःच विधवा होते. गोष्ट म्हणून ती आज कंटाळवाणी आहे, मध्येमध्ये प्रवचन लागते आणि शेवट ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह हाच. शिवाय तिच्या केंद्रस्थानी वरच्या जातींतल्या विधवा आहेत. आम्ही शिफारस करतो ती दस्तऐवज म्हणून. त्याच काळात, 1855 साली, ‘ज्ञानोदय’ या मिशनच्याच पत्रात फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग मुलगी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला होता. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल. कादंबरी लिहिणाऱ्या पंडितांना सुचला नाही तो प्रश्न शाळकरी पोरीने विचारला, आणि तो छापण्याचे धाडस त्या वेळी एका मिशनच्या पत्राने केले. ट्रंक आणणाऱ्या बाईंना हे ठाऊक नव्हते. सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. ‘आमच्यातली होती?’ एवढेच विचारले.

आता ‘इन हिज स्टेप्स’. हे पुस्तक आम्ही नाक मुरडत उघडले आणि रात्री दोनला मिटले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात चार्ल्स शेल्डन हा पाद्री रविवारी संध्याकाळी प्रवचनाऐवजी ही गोष्ट एकेक प्रकरण करून वाचून दाखवायचा. 1896 साली ती साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. सुरुवातच अशी की एका सुखवस्तू मंडळीच्या उपासनेत एक फाटका माणूस उठून उभा राहतो. तो छापखान्यातला कामगार. लायनोटाइप यंत्रे आली, त्याचे काम गेले, बायको मेली, दहा महिने वणवण चालली आहे. तो कोणाला शिवी देत नाही. फक्त विचारतो, तुम्ही येशूच्या मागे चालतो म्हणून गाता, म्हणजे नेमके काय करता? आणि तिथेच कोसळतो. मग पाद्री मंडळीतल्या लोकांना सांगतो, वर्षभर कोणतेही काम करण्याआधी स्वतःला विचारायचे, इथे येशू असता तर त्याने काय केले असते. वर्तमानपत्राचा मालक जाहिराती गाळू लागतो, रेल्वेतला अधिकारी कंपनीची बेकायदा कामे उघड करून नोकरी सोडतो.

आमच्या कसोटीवर हे पुस्तक अर्धेच उतरते. श्रीमंतांचे हृदय पालटले की गरिबांचे भले होईल, ही त्यातली भोळी आशा. तो कामगार संघटना बांधत नाही, कोर्टात जात नाही. मरतो आणि दुसऱ्यांना शहाणे करतो. पण पुस्तक मिटल्यावर लेखकाने काय केले ते शोधायला गेलो आणि थक्क झालो. शेल्डनच्या चर्चजवळ टेनेसीटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, गुलामगिरीतून सुटून आलेल्यांची. तिथे हा माणूस जाऊन राहिला, पाहिले, आणि 1893 साली त्या वस्तीतल्या मुलांसाठी बालवाडी काढली. त्या बालवाडीत एलायशा स्कॉट नावाचा पोरगा होता. तो वकील झाला. त्याचे मुलगे जॉन आणि चार्ल्स स्कॉट हेही वकील झाले. आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा 17 मे 1954 चा जो निकाल आम्ही लॉ कॉलेजात पाठ केला, त्या ‘ब्राउन विरुद्ध टोपेका शिक्षण मंडळ’ खटल्यात टोपेकातल्या पालकांचे वकीलपत्र ज्यांनी घेतले, त्यांत हे दोघे भाऊ होते. बालवाडीतून थेट सर्वोच्च न्यायालयात वाट जाते असे आम्ही म्हणत नाही. लढाई कृष्णवर्णीयांनी स्वतः लढली. पण पुस्तक लिहून घरी बसलेल्या लेखकांपेक्षा शेल्डनला दोन गुण जास्त.

त्या पुस्तकाची एक कायदेशीर गंमतही आहे. मुद्रणहक्काच्या नोंदणीत चूक राहिली, त्यामुळे ते कोणीही छापू लागले. कितीतरी प्रकाशकांनी ते विकले आणि लेखकाच्या हाती त्यातले फारसे काही पडले नाही. बाईंच्या ट्रंकेतली प्रत अशाच कोणा प्रकाशकाची असावी.

‘अंकल टॉम्स केबिन’ याहून जड. हॅरिएट बीचर स्टो या बाईने ते 1851 पासून क्रमशः लिहिले, 1852 साली पुस्तक झाले आणि पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. त्यामागे कायदाच होता. 1850 च्या पळालेल्या गुलामांच्या कायद्याने पळून आलेल्याला आसरा देणे गुन्हा ठरवले; हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. कादंबरीतले आमचे सर्वात आवडते प्रकरण यावरचेच. ओहायोचा एक सिनेटर असाच कायदा करायला मत देऊन घरी येतो. बायको विचारते, भुकेल्याला अन्न आणि पांघरूण देणे गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याला तू मत दिलेस? तो राज्यहिताची भाषा बोलू लागतो. तेवढ्यात नदीवरच्या बर्फाच्या लाद्यांवरून लेकराला छातीशी धरून पळालेली इलायझा त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन कोसळते. त्याच रात्री सिनेटर स्वतः गाडी जोडून तिला सुरक्षित जागी पोहोचवतो. प्रत्येक आमदार-खासदाराला ते प्रकरण सक्तीने वाचायला लावावे.

पण टॉमचे काय? मार खातो, माफ करतो, मरतो. पुढे ‘अंकल टॉम’ ही कृष्णवर्णीयांमध्ये शिवी झाली आणि जेम्स बाल्डविनने 1949 साली या कादंबरीची सालटी काढली. आपल्याकडेही असे टॉम कमी नाहीत, निवडणुकीच्या दिवसांत तर घाऊक भावाने मिळतात. तरीही पुस्तक मुळातून वाचल्यावर आम्हाला टॉमविषयी बोलताना जरा जपून बोलावेसे वाटते. तो दुसऱ्या गुलाम बाईवर चाबूक उगारायला नकार देतो. पळालेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही आणि म्हणून मारला जातो. ही लाचारी नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. जो पिस्तूल घेऊन स्वातंत्र्यासाठी उभा राहतो त्या जॉर्ज हॅरिसला लेखिका शेवटी आफ्रिकेत, लायबेरियात पाठवते. गुलाम मुक्त झाला, पण शेजारी नको! सवर्ण सुधारकाची ही खोड आपल्या चांगल्या ओळखीची आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली, ती या सगळ्या वादळानंतर. म्हणून ‘गुलामगिरी’ वाचणाऱ्याने हे पुस्तकही वाचावे असे आम्ही बैठकीत मांडले आणि त्यावर कोणी भांडले नाही.

किंग यांच्याबद्दल चळवळीत मतभेद नाहीत, म्हणून पुढे जातो.

खालच्या गठ्ठ्यातल्या पुस्तिका आम्ही ठेवल्या नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थना केली, गाठ विरघळली. दहावा भाग दान केला, दुकान चालू लागले. चाळीस वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईंना आम्ही विचारले, ‘बाई, तुम्ही हे मानता?’ त्या हसल्या. ‘ड्यूटीवर नाही मानलं.’ अशा वेळी किसा गोतमी आठवते. मेलेले पोर घेऊन ती तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी चमत्कार केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आणायला पाठवले. आजारी माणसाला दवाखान्यापासून दूर नेणारे पुस्तक येशूचे असो, बाबा-बुवाचे असो की आपल्याच एखाद्या भोंदूचे, आमच्या कपाटात त्याला जागा नाही. आणि ज्याचे दुकान चालत नाही त्याच्या पापात त्याचे कारण शोधणारे पुस्तक तर बाबासाहेबांच्या कसोटीवर पहिल्याच पानाला नापास होते.

ट्रंकेत नसलेले एक पुस्तक मात्र आम्ही स्वतःच्या खिशातून आणून त्या फळीवर ठेवले. तमिळ लेखिका बामा यांचे 1992 चे ‘करुक्कु’. दलित ख्रिस्ती घरातली ही मुलगी जोगीण होऊन कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि तिथेही जात भेटल्यावर बाहेर पडली. बाबासाहेबांनी विचारलेल्या सवालाचे उत्तर घरच्याच लेकीने लिहून दिले. रमाबाईंच्या साक्षीशेजारी ते हवेच. साक्ष आणि उलटतपासणी शेजारी शेजारी.

हे सगळे पुस्तकांपुरते राहिले असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जात हिंदूंपुरती बांधून ठेवली. 1956 साली शीख आत आले. बौद्ध 1990 साली. मधली चौतीस वर्षे केंद्राच्या नोकरीसाठी आपल्या बापजाद्यांना बौद्ध म्हणवून घ्यायचे की पोट भरायचे, हे निवडावे लागत होते. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरात कागदावरच्या धर्मावरून झालेली भांडणे अजून कानात आहेत. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. 1985 साली मद्रासच्या रस्त्यावर बसणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी टपरी मिळाली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही तीच झळ तितकीच बसते याचा पुरावा द्या. पुरावा कुठून आणायचा? 2022 साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढी मिळाल्या. महाराष्ट्रात बाईंच्या नातवासारख्यांना ओबीसीत जागा आहे, पण अनुसूचित जातीची नाही. वाटेकरी वाढतील म्हणून आपल्यातले काहीजण याविषयी गप्प असतात, हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही. सूसाईसारख्यांना लागणारा पुरावा ‘करुक्कु’च्या पानापानावर पडलेला आहे, आणि चौतीस वर्षे तीच झळ सोसलेल्या समाजाला तो वाचायला वेळ नाही.

ट्रंकेतली सव्वीस पुस्तके आता दाखलपुस्तकात चढली आहेत. ‘ख्रिस्ती’ असे वेगळे कपाट करावे असे काहींचे म्हणणे होते. आम्ही नाही म्हटले. ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांत, ‘बलुतं’च्या फळीवर आहे. बनियनची बांधणी करून आणली आहे. बेडफर्डचा हा भांडी डागणारा माणूस परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बारा वर्षे तुरुंगात होता, एवढे त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. बाई वाचनालयाच्या सभासद झाल्या असून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या दुसऱ्या खंडापर्यंत आल्या आहेत आणि त्यांच्या शंका आम्हाला फोनवर ऐकाव्या लागतात. ‘अंकल टॉम’ ज्या विद्यार्थ्याने नेले आहे त्याने दोन महिने झाले तरी परत केलेले नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्याने ते रविवारी वंदनेच्या आधी घेऊन यावे. पुढे तिघांची नावे लागलेली आहेत.